झाडून सगळे

मला मराठी फार चांगलं लिहिता येत होतं आणि त्याची मला भारी मस्ती होती. गिरगावातल्या आमच्या वाडीत कुणाला अर्ज हवा असो, मानपत्र हवं असो, माणूस जिना चढून माझ्याकडेच यायचा. दिवसभर फोर्टातल्या एका विमा कंपनीत मी इंग्रजीत कारकुनी करायचो आणि संध्याकाळी मराठीचा तोरा मिरवायचो. त्यामुळे पंचावन्न साली वाडीत संयुक्त महाराष्ट्रासाठी समिती निघाली तेव्हा सेक्रेटरी कोण, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. कमलाकांत तळपदे, दुसरा मजला, वय अठ्ठावीस. अध्यक्ष झाले तळमजल्यावरचे शामराव. ही वाडी ज्या ट्रस्टची, त्याचे ते विश्वस्तही होते, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. तिसरा माझ्या समोरच्या खोलीतला गुरुदत्त, नुकताच वकील झालेला. अशी आमची तिघांची फौज मोरारजीभाईंच्या सरकारशी लढायला निघाली.

नोव्हेंबरात एका सोमवारी हरताळ ठरला. पत्रक अर्थातच मी लिहिलं. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: 'येत्या सोमवारी गिरगावातील झाडून सगळ्यांनी कामकाज बंद ठेवून हरताळ कडकडीत पाळावा.' गुरुदत्त म्हणाला, 'सर्वांनी' लिही की, सुटसुटीत वाटेल. मी त्याला झापलं. 'सर्वांनी' हा सरकारी शब्द, 'झाडून सगळ्यांनी' म्हटलं की वाचणाऱ्याच्या पाठीत थाप बसते, वगैरे बरंच काही सुनावलं. पत्रकाखाली माझं नाव ठळक छापून घेतलं आणि शनिवारी संध्याकाळी अंगणात उभा राहून वाटायला लागलो.

गठ्ठा निम्मा संपला असेल, तेवढ्यात शेवंती आली. शेवंती ट्रस्टची झाडूवाली. तशा पाचजणी होत्या आणि ही त्यांची मुकादम. चाळिशीची, उंच, आवाज खणखणीत. परळला ट्रस्टची आणखी एक चाळ होती, तिच्यामागे या बायकांना पत्र्याच्या खोल्या दिलेल्या होत्या. नोकरी आहे तोवर खोली. नवरा आनंदा लालबागच्या गिरणीत होता. अंगण, जिने आणि मागची गल्ली ही त्या पाचजणींची कामं. मागची गल्ली म्हणजे काय, ते आता सांगावं लागेल. वाडीला तेव्हा फ्लशचे संडास नव्हते. मजल्यामजल्यावरचं सगळं जाड नळांतून खाली डब्यांत पडे. ते डबे मागच्या बोळातून, लोखंडी झडपा उघडून, हातांनी काढून न्यावे लागत. साठ बिऱ्हाडांचे डबे.

ती रिवाजाप्रमाणे पायरीच्या खाली उभी राहिली. हातात माझं पत्रक. तिने विचारलं, "सेक्रेटरी, फाटकात एकानं ह्ये वाचून दाखवलान. 'झाडून सगळ्यांनी' म्हंजे काय? झाडून मग बंद ठेवायचं, का झाडायचंच नाय?"

अंगणात हशा पिकला. गुरुदत्त तर पोट धरून हसत होता. माझ्या शब्दाची अशी चेष्टा झालेली पाहून माझा पारा चढला. हसणाऱ्यांना दोन शब्द ऐकवायची हिंमत नव्हती, म्हणून मी तिलाच भाषण ठोकलं. झाडून म्हणजे एकूण एक, लहानमोठा कुणीही वगळायचा नाही, एक माणूस जरी त्या दिवशी कामाला गेला तरी हरताळ फुटला म्हणून समज, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

"एकूण एक," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो. तिने पत्रकाची घडी घातली, ओच्यात खोचली आणि गेली. मी पुढच्या माणसाच्या हातात पत्रक दिलं आणि तो विषय तिथेच विसरलो.

सोमवारी हरताळ खरोखरच कडकडीत झाला. ट्रॅम बंद, दुकानं बंद, गिरण्या बंद. मी आणि गुरुदत्त सकाळीच बाहेर पडलो आणि लोंढ्याबरोबर फाउंटनच्या दिशेने चालत गेलो. तिथे काय झालं ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गोळीबार झाला, माणसं मेली. मी ते डोळ्यांनी पाहिलं नाही. डोळ्यांत अश्रुधूर गेला तसा मी मागे फिरून पळत सुटलो. पाहिलं असं सांगत फिरलो, ते नंतर.

वाडीच्या फाटकात आलो आणि नाकाला रुमाल लावावा लागला. त्या दिवशी पाचपैकी एकही बाई आलेली नव्हती. त्यातून हरताळामुळे वाडीतला प्रत्येक माणूस घरी. डबे दुपारपर्यंत भरून वाहायला लागले होते आणि मागच्या बोळातलं पाणी पुढे अंगणाच्या कडेला आलं होतं. यशोदा, माझी बायको, गॅलरीत उभी होती. ती फारशी बोलत नसे, पण बोलली की लागे. म्हणाली, "या. तुमचा हरताळ मागच्या गल्लीपर्यंत पोचला."

खाली शामराव थयथयाट करत होते. आमच्या वाडीचा हरताळ पाहायला दादरचे दोन पुढारी येणार होते, शामरावांनी त्यांच्यासाठी पोह्यांची तयारी करून ठेवली होती आणि पुढारी फाटकातूनच परत फिरले होते. शामरावांच्या मते हा साधा कामचुकारपणा नव्हता, हा डाव होता. गिरगावची अब्रू घालवायला कुणीतरी या बायकांना फूस लावली होती. कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही, पण मान जोरजोरात हलवून सांगितल्यामुळे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. खरं तर मला शनिवारची संध्याकाळ चांगली आठवत होती. तरीही पटवून घेतलं.

मंगळवारी पहाटे शेवंती आणि बाकीच्या चौघी नेहमीच्या वेळी कामावर हजर. त्यांना जाब विचारायला हवा, असं शामरावांनी मला सांगितलं आणि मी धोतर सावरत मागच्या बोळात गेलो. अठ्ठावीस वर्षं त्या वाडीत राहत होतो. तो बोळ मी कधी पाहिला नव्हता. दोन भिंतींमध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढी जागा, वरून ठिबकणारे नळ, पायाखाली काय आहे ते बघवत नव्हतं. शेवंती गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून दोन दिवसांचं काम एकटीने उपसत होती.

मी लांबूनच विचारलं, तुम्हाला कुणी फूस लावली? तिने हातातल्या फावड्याने झडपेवर दोनदा ठोकलं. टण्, टण्. मग वर मान करून थांबली.

तो आवाज मी जन्मभर ऐकत आलो होतो. आमच्या मजल्यावरच्या संडासात सकाळी बसलं की खालून दोनदा असा आवाज यायचा. मला वाटायचं नळाचा पत्रा वाजतो.

मी तिला विचारलं, हे काय? तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"आम्ही खाली हावोत ते सांगायचं. आता डबा काढतोय, जरा थांबा. वरच्यानं खाकरायचं, म्हंजे आम्ही हात घालतो. माझ्या सासूच्या वेळेपासून हाय ह्ये." आणि मग अगदी थंडपणे म्हणाली, "दुसऱ्या मजल्याच्या नळावरचे साडेसातचे तुम्हीच ना, सेक्रेटरी? हापिसात जायच्या आधीचे? तुम्ही कधी थांबला नाय. तुमची बायको थांबते."

तिच्या पदराकडे, तिच्या डोक्याकडे मला बघवेना. एखादा बरा माणूस असता तर तिथेच खाली मान घातली असती. मी बरा माणूस नव्हतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही बाई मला साडेसातचा म्हणते. वाडीत ज्याच्या हस्ताक्षराची नक्कल पोरं करतात, त्या मला ती एवढ्यावर ओळखते. कुणी फूस लावली ते शोधून काढीन, असं काहीतरी पुटपुटून मी तिथून सटकलो आणि दोन वेळा आंघोळ केली.

यशोदाला विचारलं, तुला त्या ठोकण्याचं कसं माहीत? तिला प्रश्नच कळला नाही. लग्न होऊन आले त्या आठवड्यातच कळलं, म्हणाली. मी विचारलं, कुणी सांगितलं? ती म्हणाली, "सांगायला कशाला हवं? खाली माणूस असणार, एवढं कळतं ना."

त्या संध्याकाळी समितीची बैठक झाली. विषय दोन. पहिला, फाउंटनला बळी पडलेल्यांना श्रद्धांजलीचा ठराव. दुसरा, झाडूवाल्या बायकांविरुद्ध ट्रस्टकडे तक्रार. दोन्ही मीच लिहिले, एकाच वहीतले कागद फाडून, एकाच टाकाने. श्रद्धांजली सात ओळींची झाली. तक्रार दीड पान. हे मी आज लिहितोय तेव्हा माझे कान तापतात, पण त्या दिवशी तक्रार लिहिताना मला काय सुख होत होतं म्हणून सांगू! शब्दांमागून शब्द हात जोडून उभे राहत होते. 'सदर स्त्रियांनी कोणतेही सबळ कारण नसताना सोमवारी काम बंद ठेवून साठ कुटुंबांच्या आरोग्यास धोका उत्पन्न केला व चळवळीस बदनाम करण्याच्या कारस्थानास हातभार लावला.' शामराव म्हणाले, वा. गुरुदत्त म्हणाला, 'कारस्थान' जरा जास्त होतंय का रे? मी म्हटलं, तू कोर्टाची भाषा सांभाळ, मराठी माझ्यावर सोड.

चौकशी शुक्रवारी ट्रस्टच्या कचेरीत झाली. मॅनेजर नाना नावाचे म्हातारे गृहस्थ होते. माणूस वाईट नव्हता, फक्त भानगड नको असणारा होता. त्यांनी आधीच तोडगा काढून ठेवला होता. सोमवारी ट्रॅम बंद होत्या, त्यामुळे परळहून येता आलं नाही, असं एका कागदावर लिहून त्यांनी बायकांसमोर ठेवलं. अंगठा उठवा, पुन्हा असं करू नका, जा. चौघींनी अंगठे उठवले. मी बाकावर शामराव आणि गुरुदत्तच्या मध्ये बसलो होतो. मलाही सुटल्यासारखं वाटलं. माझी तक्रार दप्तरी लागेल, वाडीत माझा शब्द राहील आणि कुणाचं काही बिघडणार नाही.

शेवंतीने कागद वाचून दाखवायला सांगितलं. नानांनी वाचला. ती म्हणाली, "ह्ये खोटं हाय. मी ट्रॅमनं कधी आलेय? मी रोज परळहून चालत येते. सोमवारी हरताळ होता. मी हरताळ केला. तसं लिवा, मग अंगठा देते."

नानांनी तिला समजावलं. अगं, अर्थ एकच आहे, तू आली नाहीस एवढंच. ती म्हणाली, एक नाही. नवऱ्याच्या गिरणीतल्या हजेरीपटात सोमवारच्या पुढे हरताळ लिहिलंय. त्याचा हरताळ आणि माझी दांडी, असं कसं? नाना म्हणाले, हरताळ तुमच्यासाठी नव्हताच मुळी. तुमचं काम बंद ठेवून चालत नाही.

"माझं काम बंद ठेवून चालत नाय," ती म्हणाली, "ह्ये आज कळलं तुम्हाला. बरं झालं." आणि तिने ओच्यातून माझं पत्रक काढून टेबलावर ठेवलं.

नानांनी ते वाचलं. मग माझी तक्रार त्याच्या शेजारी ठेवली. दोन्हींच्या खाली माझं नाव. शेवंतीने विचारलं, त्या दुसऱ्या कागदात काय आहे? नानांनी नाइलाजाने वाचायला सुरुवात केली आणि 'सबळ' शब्दाशी तिने त्यांना थांबवलं. सबळ म्हणजे काय? म्हणजे पुरेसं, जोरदार, नाना म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "तुम्ही सोमवारी काम कशाला बंद ठेवलंत, सेक्रेटरी?"

मी म्हटलं, संयुक्त महाराष्ट्रासाठी.

"मी पण त्यासाठीच. तुमचं सबळ, नि माझं नाय?"

शामराव उठून उभे राहिले. हा उद्धटपणा आपण खपवून घेणार नाही, म्हणाले. नानांनी त्यांना हाताने बसवलं. चष्मा पुसला आणि मला सरळ विचारलं, "कमलाकांत, पत्रक तुमचं आहे. हे 'झाडून सगळ्यांनी' यात या बायका येत होत्या की नव्हत्या? तुम्ही हो म्हणालात तर मी हरताळ असं लिहितो आणि प्रकरण इथे संपतं. नाही म्हणालात तर ही हट्टी बाई माझ्याच्याने कामावर ठेवली जाणार नाही."

इतकं सोपं होतं. एक अक्षर. मी हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? वाडीने म्हटलं असतं, म्हणजे घाण करायला यानेच सांगितलं होतं तर. शामरावांनी सेक्रेटरीपद काढून घेतलं असतं. दीड पानाची माझी सुरेख तक्रार खोटी ठरली असती. एवढंच. तिची नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर एका पारड्यात, आणि दुसऱ्यात माझा तोरा. गुरुदत्तने माझ्याकडे पाहिलं. शनिवारी तो तिथेच होता, त्याने सगळं ऐकलं होतं. तो काही बोलेल अशी मला आशा होती आणि भीतीही होती. तो बोलला नाही.

मी म्हटलं, "तो वाक्प्रचार आहे. शब्दशः घ्यायचा नसतो."

शेवंती रडली नाही, ओरडली नाही. नुसती म्हणाली, "शनिवारी घ्यायचा होता."

नानांनी लिहून टाकलं: विनापरवानगी गैरहजर, वर्तन उद्धट, नोकरीवरून कमी. डिसेंबरअखेर खोली रिकामी करावी. चौघीजणी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण मी त्यांच्यासमोरून बाहेर पडलो तेव्हा चौघींनी मिळून माझ्याकडे असं पाहिलं, की मी ती नजर अजून झटकू शकलो नाही.

घरी यशोदाला सगळं कळलं होतं. वाडीत बातमी माझ्याआधी जिना चढायची. तिने ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि पुढचे चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. गॅलरीतून ती शनिवारी माझं भाषण ऐकत होती, हे मला तेव्हा कळलं.

मंगळवारी संध्याकाळी शेवंती आली. या खेपेला ती पायरीखाली थांबली नाही. सरळ जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आली. गॅलरीतल्या बायकांनी वाळत घातलेले कपडे ओढून घेतले, कुणी दार लावलं, कुणी मोठ्याने देवाचं नाव घेतलं. ती आमच्या दाराशी येऊन उभी राहिली. आता ती वाडीची नोकर नव्हती, त्यामुळे तिला कोणत्या पायरीखाली उभं राहायला सांगायचं हे कुणालाच सुचेना.

मला वाटलं शिव्या घालायला आली असेल. तसं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, नवऱ्याच्या गिरणीतून यादी गेली आहे. हरताळात सामील झाल्याबद्दल ज्यांची ज्यांची नोकरी गेली, त्यांची नावं वर समितीकडे पाठवायची आहेत. प्रत्येक ठिकाणाहून जाणार आहेत. गिरगावची यादी तुम्ही करणार.

ते खरं होतं. परिपत्रक माझ्या टेबलावरच पडलं होतं.

"काम मी दुसरीकडे बघीन," ती म्हणाली. "खोली पण बघीन. तुमच्याकडे मागायला आले नाय. पण त्या यादीत माझं नाव घाला. मी दांडी मारली नव्हती. गोळ्या खाऊन माणसं ज्या दिवशी मेली, त्या दिवशी मी घरी झोपले नव्हते, हरताळावर होते. एवढं कुठंतरी लिहिलेलं पायजे."

माझ्या मागे यशोदा उभी होती. तिने पूर्ण नाव विचारलं. शेवंती आनंदा जाधव. गाव चिपळूणजवळ. यशोदाने ते एका कागदावर लिहिलं आणि तो कागद माझ्या हातात दिला. मी म्हटलं, बघतो. शेवंती म्हणाली, बघू नका, घाला. आणि गेली.

समिती बुधवारी बसली. परिपत्रकासोबत छापील तक्ता होता. वाडीत हरताळ कितपत यशस्वी झाला? शामरावांनी सांगितलं, लिहा, शंभर टक्के, झाडून सगळे सामील. मी लिहिलं. सभा किती, मोर्चे किती, अटक किती? लिहिलं. शेवटचा रकाना: हरताळात भाग घेतल्यामुळे नोकरी गमावलेल्यांची नावे.

यशोदाने दिलेला कागद माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. टाक मी दौतीत बुडवला. शामराव म्हणाले, आपल्याकडे कुणाची गेली नाही, सुदैवाने. गुरुदत्त खिडकीबाहेर बघत होता. मी टाक धरून बसलो. मनात म्हणत होतो, दोघांपैकी कुणीतरी खोकला तरी मी ते नाव लिहीन. अशा वेळी माणूस दुसऱ्यावर किती भार टाकतो! ते नाव वर गेलं, की वरचे विचारणार, ही बाई कोण, तिला कुणी काढलं, कुणाच्या तक्रारीवरून. आणि उत्तर म्हणून माझं दीड पान त्यांच्या टेबलावर जाणार.

शामराव म्हणाले, "कमलाकांत, लिहिताय ना?"

मी लिहिलं: कोणी नाही. खाली सही केली. शाई टिपली, तक्ता पाकिटात घातला आणि स्वतःच जाऊन पेटीत टाकून आलो, न जाणो घरी नेला तर यशोदा बघेल.

डिसेंबरअखेरीला, परळची खोली रिकामी करायच्या दिवशी, शेवंती शेवटची आली. चौघींकडे तिची फावडी आणि एक जुनं पातेलं राहिलं होतं, ते न्यायला. मी ऑफिसला निघालो होतो. ती फाटकाजवळ मला आडवी आली. आनंदा रस्त्यावर हातगाडीपाशी उभा होता, गाडीवर त्यांचा संसार बांधलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि रस्त्यावर थुंकला.

"घातलंत नाव?" तिने विचारलं.

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "घातलं."

इतके दिवस आवळून धरलेला तिचा चेहरा एकदम सैल झाला. तिने मागे वळून नवऱ्याला हाक मारली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, सबंध रस्त्याला ऐकू जाईल असं, की घातलंय म्हणतात, यादीत गेलंय नाव, तू उगाच माणसाला वाईट बोलत होतास. आनंदाने मान खाली घातली. मग कपाळाला हात लावून त्याने मला लांबूनच नमस्कार केला.

मी तो घेतला. हात जोडून परत केला.

शेवंती म्हणाली, "चुकलं असलं बोलताना काय तर मनावर घेऊ नका, भाऊ." तिने मला भाऊ म्हटलेलं ते पहिल्यांदाच. मग तिने पातेलं गाडीवर ठेवलं, गाडीच्या मागच्या अंगाला खांदा लावला आणि ती दोघं बंदराच्या बाजूला निघून गेली. मी ऑफिसात वेळेवर पोचलो.